ऑटो स्लॅक असूनही ट्रेलरचे ब्रेक सारखे टाईट करावे लागतात, नेमकं कुठं बघू?

तीन_अ‍ॅक्सल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज अडचण आली म्हणून लिहितोय. माझ्याकडे वापरलेला घेतलेला तीन अ‍ॅक्सलचा सेमी-ट्रेलर आहे, एअर ब्रेक, एस-कॅम ड्रम (एस आकाराचा कॅम फिरला की लायनर म्हणजे ब्रेकचं अस्तर ड्रमला दाबतं), सहाही चाकांना ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे कॅम फिरवणारा आणि झीज आपोआप भरून काढणारा हात. घेतल्यापासून तक्रार एकच, भरलेला असला की उतारावर ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटतं, म्हणजे पुढचा घोडा (ओढणारा ट्रक) ब्रेक घेतो पण ट्रेलर उशिरा आणि कमी घेतो. मेकॅनिककडे नेला की तो खाली शिरतो, सगळे स्लॅक पान्यानं टाईट करतो आणि म्हणतो झालं. आठ-दहा दिवस बरं चालतं, मग परत तेच. असं आतापर्यंत चार वेळा झालं.

मागच्या आठवड्यात लांब उतार उतरून थांबलो तर जळका वास येत होता, तिसऱ्या अ‍ॅक्सलच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता इतका भपकारा. आणि दुसऱ्या अ‍ॅक्सलचं उजवं चाक मात्र जवळजवळ थंड. हे बघून मी खरंच घाबरलो, कारण त्या दिवशी पूर्ण लोड होता.

मेकॅनिक म्हणतो लायनर बदला सगळे. लायनर मी खिडकीतून बघितले तर मला तरी जाड दिसतात, मध्यभागी ९-१० मिमी असतील. मग बदलायचे कशाला? ऑटो स्लॅक जर आपोआप अ‍ॅडजस्ट होतो तर तो हातानं टाईट का करावा लागतो हे मला कुणीच नीट सांगत नाही. काय तपासू, कुठल्या क्रमानं तपासू, आणि यातलं मी स्वतः काय करू शकतो ते सांगा. खाली झोपून मोजमाप करायला माझी तयारी आहे.

जुना_फिटर

आधी एक गोष्ट, तो ट्रेलर हे निस्तरेपर्यंत लोड घेऊन उतारावर नेऊ नका. एक चाक जळतंय आणि एक थंड आहे याचा अर्थ सहा चाकांचं काम पाच चाकं करतायत आणि त्यातलं एक मरायला टेकलंय. तापलेल्या ड्रमची उष्णता हबमध्ये जाते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, बेअरिंग जातं, टायर पेटू शकतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ऑटो स्लॅक हातानं टाईट करायचा नसतो. तो बसवताना एकदा सेट करायचा, लायनर बदलले की एकदा सेट करायचा, बास. मधेच त्याचा स्ट्रोक (ब्रेक दाबल्यावर सरकण्याचं अंतर) वाढलाय असं दिसलं तर एकतर स्लॅक खराब आहे, किंवा चुकीचा बसवलाय, किंवा बाकीच्या ब्रेकमध्ये कुठंतरी झीज आहे. तुमचा मेकॅनिक पाना लावतो तेव्हा रोग झाकला जातो. आणि जास्त टाईट केला की लायनर ड्रमला टेकून राहतो, घासत घासत आपली जागा करून घेतो, आठ दिवसात परत तिथंच. तुमचे आठ-दहा दिवस तिथून आलेत.

म्हणून पाना बाजूला ठेवा आणि टेप घ्या. सपाट जागेवर उभा करा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हवा ६ ते ७ बार भरून घ्या, इंजिन बंद, ट्रेलरचा पार्किंग ब्रेक सोडलेला. पार्किंग लावून मोजाल तर सगळं माप चुकेल, आणि पार्किंग सोडल्यावर गाडी फक्त ठोकळ्यांवर असते म्हणून ठोकळे म्हणजे नुसता दगड सरकवून चालणार नाही, नीट बसलेले पाहिजेत. ब्रेक गार असताना मोजा.

पहिलं माप, ब्रेक सोडलेला असताना चेंबरच्या (हवेच्या दाबानं पुशरॉड ढकलणाऱ्या डब्याच्या) तोंडापासून क्लेव्हिस पिनच्या (पुशरॉड आणि स्लॅक जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापर्यंत. मग कुणालातरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि परत तेच माप. दोन्हीतला फरक म्हणजे अ‍ॅप्लाइड स्ट्रोक. ३० नंबरचा साधा चेंबर असेल तर हा २ इंचाच्या म्हणजे ५१ मिमीच्या पुढे जाता कामा नये. लाँग स्ट्रोकचा ३० असेल तर अडीच इंच, ६४ मिमी. चेंबरवर टॅग असतो, लाँग स्ट्रोकचं हवेचं तोंड बहुतेक चौकोनी उठावाचं असतं, आधी ते ओळखा मग आकडा लावा.

दुसरं माप फार कमी लोक घेतात पण खरं उत्तर त्यातच असतं. पेडल सोडलेलं असताना टॉमीनं (लोखंडी पहारीनं) स्लॅक हातानं ढकलायचा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत, आणि पुशरॉड किती पुढं आला ते मोजायचं. हा फ्री स्ट्रोक. ड्रम ब्रेकला साधारण अर्धा ते पाच अष्टमांश इंच, म्हणजे १३ ते १६ मिमी पाहिजे.

फ्री जास्त असेल तर स्लॅक काम करत नाही किंवा चुकीचा बसलाय. फ्री बरोबर पण अ‍ॅप्लाइड जास्त असेल तर स्लॅक निर्दोष, रोग पुढं आहे, कॅमचे बुश (कॅमचा शाफ्ट ज्यात फिरतो ते गोल अस्तर), ड्रम, अँकर पिन, रोलर, चेंबरचा ब्रॅकेट. फ्री फार कमी असेल तर चाक घासतंय.

सहाही चाकांची दोन्ही मापं इथं टाका. मग बोलू.

रात्रपाळी

फिटर काकांनी मोजमाप सांगितलंय ते कराच, मी ड्रायव्हरच्या बाजूनं थोडं सांगतो. माझा साधा हिशोब असा की सहाही चाकं सारखी कमी धरत असतील तर हवेत बघायचं, आणि एखाद-दुसरं वेगळं वागत असेल तर त्या चाकात बघायचं. तुमच्यात दोन्ही दिसतंय, "उशिरा घेतो" हे हवेचं वाटतं आणि गरम-थंड हे चाकाचं.

हवेसाठी पाम कपलिंगचे (घोडा आणि ट्रेलरचे हवेचे पाईप जुळतात त्या जोडाचे) रबर बघा, चपटे झाले किंवा फाटले की सूं आवाज येतो. सर्व्हिसची (पेडलच्या ब्रेकची) लाईन कुठं दबलीय का, चेसिसला घासून पातळ झालीय का, वळताना ताणली जाते का. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर, रिले व्हॉल्व्हवर (पेडल दाबलं की टाकीतली हवा चेंबरांना सोडणारा व्हॉल्व्ह), चेंबरच्या क्लॅम्पभोवती मारा. पूर्ण हवा भरून, इंजिन बंद करून, पार्किंग सोडून काटा बघा, जोडलेल्या गाडीत मिनिटाला ०.२ बारपेक्षा जास्त उतरू नये, पेडल दाबून धरलं तर ०.३ च्या आत, मी एवढंच धरतो. पेडल दाबल्यावरच गळत असेल तर बहुतेक एखाद्या चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलेला.

आणि ट्रेलरच्या टाकीचं पाणी काढता का? पुष्कळ जण घोड्याची टाकी रोज काढतात आणि ट्रेलरची विसरतात, तिचा कॉक खाली चिखलात लपलेला असतो. माझ्या एका ट्रेलरच्या टाकीतून पाऊण बादली गढूळ पाणी निघालं होतं, त्यानंतर रिले व्हॉल्व्ह उघडला तर आत गंज आणि चिकट लगदा, म्हणून तो उशिरा उघडत होता. पाण्याबरोबर दुधासारखं तेलकट निघत असेल तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ड्रायरचा कार्ट्रिज संपलाय.

अजून एक, उतारावर ट्रेलरचा वेगळा हँड व्हॉल्व्ह ओढून धरायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. सगळी उष्णता ट्रेलरच्या ड्रममध्ये जाते. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या, इंजिन ब्रेक लावा, आणि पेडल सतत हलकं दाबून ठेवण्यापेक्षा नीट दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचं.

तपासणीवाली

मी गाड्यांची तपासणी करते, त्यामुळे अशा वापरलेल्या ट्रेलरखाली रोजच असते. दोन गोष्टी वर आल्या नाहीत म्हणून लिहिते.

पहिली, एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना चेंबर एकाच नंबरचे आहेत का बघा. ३० नंबर म्हणजे डायफ्रामचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. ६.९ बारला तो पुशरॉडवर साधारण १,३६० किलोचा जोर देतो, २४ नंबरचा देतो साधारण १,०९०. आधीच्या मालकानं घाईत मिळेल तो चेंबर लावला असेल तर त्या अ‍ॅक्सलची एक बाजू कायम कमी धरणार, तुम्ही कितीही अ‍ॅडजस्ट करा. तसंच स्लॅकच्या हाताची लांबी, म्हणजे कॅम शाफ्टच्या मध्यापासून क्लेव्हिस पिनपर्यंतचं अंतर, दोन्हीकडे सारखं पाहिजे. स्लॅकला दोन-तीन भोकं असतात आणि एकीकडे पहिल्या, दुसरीकडे दुसऱ्या भोकात पिन घातलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. साधे आणि लाँग स्ट्रोकचे चेंबर पण एका अ‍ॅक्सलवर मिसळायचे नाहीत.

दुसरी, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे वजनाप्रमाणे ब्रेकची हवा कमी-जास्त करणारा. ट्रेलरला असेल तर त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते, एअर सस्पेन्शन असेल तर बेलोजमधून (हवेच्या फुग्यांमधून) पाईप आलेला असतो. दांडी तुटली, वाकली किंवा कुणी तारेनं बांधून ठेवली की बऱ्याच व्हॉल्व्हना ट्रेलर रिकामाच वाटतो आणि मग तो व्हॉल्व्ह भरलेल्या ट्रेलरलासुद्धा रिकाम्याएवढीच हवा सोडतो. "भरला की ढकलतो" हे तुमचं वाक्य वाचून मला सगळ्यात आधी हेच आठवलं.

आणि एक कळकळीची विनंती आहे. पार्किंगचे जे दुहेरी चेंबर आहेत त्यांच्या मागच्या डब्यात दाबून बसवलेली मोठी स्प्रिंग असते. त्याचा क्लॅम्प कुणीही, कुठल्याही कारणानं उघडायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो, झालेलं आहे असं. डबा बदलायचा झाला तर केजिंग बोल्टनं स्प्रिंग ओढून धरायची आणि अख्खा चेंबर बदलायचा. बोल्ट फिरवताना तोंड चेंबरच्या सरळ रेषेत ठेवू नका. डबा गंजून फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर त्याला हातच लावू नका, अनुभवी माणसाला बोलवा.

तीन_अ‍ॅक्सल

काका, ताई, दादा, सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी भावाला पेडलवर बसवून सगळं मोजलं, दीड तास गेला पण इतकं समाधान वाटलं, पहिल्यांदा मला माझा ट्रेलर कळतोय असं झालं. चेंबर सगळे ३० नंबर साधे आहेत, पिना सगळीकडे एकाच भोकात आहेत.

पहिला अ‍ॅक्सल, डावा अ‍ॅप्लाइड ४४ फ्री १४, उजवा ४६ आणि १५.
दुसरा अ‍ॅक्सल, डावा ४३ आणि १४, उजवा ६१ आणि १४.
तिसरा अ‍ॅक्सल, डावा ३६ आणि ६, उजवा ४८ आणि १६.
सगळं मिमीमध्ये. दुसरा उजवा तीनदा मोजला, ६१ च येतंय.

लोड सेन्सिंगची दांडी आहे, पण ताई तुम्ही म्हणालात तसंच, खालचा रबरी जोड निघून ती नुसती लोंबत होती. ती काल रात्रीच बघितली. आणि टाकीतून जवळपास तीन लिटर पाणी निघालं, तेल नव्हतं.

शेजारच्याकडून लेसरवाला थर्मामीटर आणला, रिकामा ट्रेलर थोडा चालवून आठ-दहा ब्रेक मारून ड्रम बघितले. चार चाकं ८५ ते १०० डिग्रीच्या मधे, तिसरा डावा १९०, दुसरा उजवा ४५.

आता ६१ वाला लगेच टाईट करून ५१ च्या आत आणू का?

जुना_फिटर

नको रे भावा, तेच तर करायचं नाही. काका म्हणालास म्हणून आता तू म्हणतो.

दुसरा उजवा बघ. फ्री १४ आहे, म्हणजे स्लॅक आपलं काम चोख करतोय, लायनर ड्रमपासून पाहिजे तेवढाच लांब आहे. पण जोर लावला की ६१. म्हणजे टेकल्यानंतर ४७ मिमी पुशरॉड अजून पुढं जातो, डाव्या बाजूला तेच २९ मिमी जातो. हे १८ मिमी कुठंतरी ढिलाईत जातायत. साध्या ३० ला एकूण स्ट्रोकच अडीच इंच म्हणजे ६४ मिमी असतो, तू ६१ वर आहेस. तिथं डायफ्राम जवळजवळ तळाला लागलेला असतो, जोर झपाट्यानं कमी होतो. आणि हे गार असताना, रिकामा असताना. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, स्ट्रोक अजून वाढतो. म्हणजे लांब उतारावर त्या चाकाला ब्रेक नव्हताच असं समज. थर्मामीटरचे ४५ डिग्री तेच सांगतायत.

तिथं आधी एस-कॅमचा शाफ्ट टॉमीनं वर-खाली हलवून बघ, स्लॅकच्या बाजूनं आणि चाकाच्या बाजूनं, दोन्ही. खटखट हलला तर बुश गेलेत. बुश गेले की चेंबरचा जोर कॅम फिरवायच्या ऐवजी शाफ्ट उचलण्यात जातो. मग क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक लांबट झालंय का, चेंबरचा ब्रॅकेट दाबल्यावर वाकतो का, वेल्डला चीर आहे का, हे भावाला पेडल दाबायला सांगून लांबूनच बघ, ब्रेक दाबताना बोटं तिथं घालायची नाहीत. मग ड्रम काढायचा. ड्रमच्या अंगावर कमाल व्यास कोरलेला असतो, १६.५ इंची ड्रमला बहुतेक नव्या मापापेक्षा ३ मिमीच जास्त चालतं, पण तुझ्या ड्रमवर जो आकडा असेल तो खरा. आतल्या तोंडावर केसासारख्या बारीक भेगा असतात त्या चालतात, आरपार चीर असेल किंवा निळे डाग पडून कडक ठिपके झाले असतील तर ड्रम टाकून द्यायचा.

तिसरा डावा. फ्री ६ म्हणजे ओव्हरटाईट. टाईट करून अर्धा फेरा परत सोडायचा असतो, तो सोडलाच नाही. चाक जॅकवर उचल, हातानं फिरतंय का बघ. मागं सोडताना सांभाळून, काही स्लॅकना आतला पॉल (दात अडवणारा खटका) बाहेर ओढूनच सोडावा लागतो, नाहीतर दात तुटतात आणि मग ऑटो ऑटो राहत नाही. तुझा कुठल्या जातीचा आहे ते त्यावरच्या खुणेवरून काढ. लायनर टेकेपर्यंत आवळायचं आणि मग अर्धा फेरा मागं. त्यानंतर षटकोनी नटावर खडूची खूण कर आणि पूर्ण हवेवर दहा-बारा वेळा पेडल दाब, काम करत असेल तर खूण थोडी थोडी सरकताना दिसते. फ्री पाहिजे तेवढा आला की थांबते. अजिबात सरकली नाही आणि फ्री मोठाच राहिला तर स्लॅक गेलाय.

लायनर मात्र त्या जळक्या चाकाचे काढून बघच. काचेसारखे चमकत असतील किंवा कडा भुगा होत असतील तर जाडी असूनही ते गेले. बदलायचे तर अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे, एकाच जातीचे, स्प्रिंगा आणि रोलरसकट. जाडी शूच्या मध्यावर ६ मिमीच्या जवळ आली की मी बदलतो, रिव्हेट दिसायची वाट बघत नाही.

तपासणीवाली

काकांच्या बोलण्यात एवढीच भर घालते, ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या पाईपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि नवीन लायनरची धूळसुद्धा फुप्फुसात जायला नकोच. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लिनर मारून पुसा, मास्क लावा. आणि लायनरवर ग्रीस किंवा तेल दिसलं तर ते पेट्रोलनं धुऊन परत वापरू नका, ते आत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. आधी हबचं सील बदला, मग लायनर.

दांडी जोडताना लांबी अंदाजानं ठेवू नका. ट्रेलरवर लोड सेन्सिंगची पाटी असते, तिच्यावर रिकाम्या आणि भरलेल्या अ‍ॅक्सल वजनाला किती प्रेशर बाहेर आलं पाहिजे ते लिहिलेलं असतं. टेस्ट पॉईंटला गेज लावून ते जुळवून घ्या.

तीन_अ‍ॅक्सल

चार दिवसांनी अपडेट देतोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, सगळं उघडून करायला वेळ लागला.

दुसऱ्या उजव्या बाजूला कॅमचा शाफ्ट चाकाच्या बाजूनं हातानं हलत होता, टॉमीची गरजच पडली नाही. बुश एका बाजूनं पार अंडाकृती झालेला. कारण सापडलं, त्या बुशच्या ग्रीस निपलमध्ये चिखल सुकून दगड झाला होता, ग्रीस गन लावली की सगळं ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळायचं आणि सगळ्यांना वाटायचं ग्रीस भरलं. म्हणजे कितीतरी महिने तो बुश कोरडा चालला. दोन्ही बाजूंचे बुश, सील आणि निपल बदलले. ड्रमचं माप आकड्याच्या आत होतं, तो ठेवला. आता अ‍ॅप्लाइड डावा ४३, उजवा ४४.

तिसऱ्या डाव्या चाकाचे लायनर काचेसारखे चमकत होते आणि एक कोपरा हातात आला, ड्रमला निळे ठिपके. काका म्हणाले तसं दोन्हीकडचे लायनर, स्प्रिंगा, रोलर बदलले, डावा ड्रम नवीन टाकला आणि जोडी राहावी म्हणून उजवाही. हबचं ग्रीस पातळ होऊन सीलमधून यायला लागलं होतं, बेअरिंग धुऊन बघितलं, डाग नाहीत, नवं ग्रीस आणि नवं सील. खडूची खूण केली होती, पेडल दाबलं की सरकताना भावाला आणि मला दोघांनाही दिसली, १४ मिमीवर येऊन थांबली.

लोड सेन्सिंगची दांडी पाटीप्रमाणे गेज लावून सेट करून घेतली. काल निम्म्या लोडवर चालवला, ब्रेक बरोबर लागतो, मागून ढकलणं नाही. थांबून सहाही ड्रम बघितले, १०५ ते १२० च्या मधे.

एकच राहिलंय, ट्रेलरचा एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा गाडी चालू केल्यावर लागतो तो विझतच नाही. दुसऱ्या अ‍ॅक्सलचा हब काढला होता तेव्हापासून. सेन्सर मागं सरकला असेल का?

जुना_फिटर

शंभर टक्के तोच. हब काढताना सेन्सर मागं ढकलला जातो. तो त्याच्या क्लिपमध्ये घट्ट बसलेला असतो, हब पूर्ण बसवून बेअरिंग सेट झाल्यावर मागून हातानं दाबून दातेरी रिंगला टेकव, हातोडी नको. चाक फिरलं की तो स्वतःच पाहिजे तेवढा मागं सरकून जागा करून घेतो. रिंगवर ग्रीसचा थर किंवा लोखंडाचा भुगा असेल तर आधी पूस, आणि वायर गरम ड्रमला किंवा स्लॅकला लागत नाही ना ते बघून क्लिपा परत लाव. टेकवल्यावर थोडं चालवलं की दिवा विझायला पाहिजे, नाही विझला तर दोन्ही सेन्सरचा रेझिस्टन्स मीटरवर मोजून इथं टाक. आणि ते निपल, बाकीच्या पाच चाकांचे पण आजच बघ, गन लावल्यावर जुनं ग्रीस स्लॅकच्या बाजूच्या सीलमधून बाहेर येताना दिसलं तरच आत गेलं समज.

तीन_अ‍ॅक्सल

सेन्सर दाबून बसवला, दोनशे मीटर चालवल्यावर दिवा विझला काका. निपल बघितले, पहिल्या अ‍ॅक्सलचा डावा बंद होता, बदलला, गन लावल्यावर आधी काळं आणि मग नवं ग्रीस आलं. तो शाफ्ट अजून हलत नाही. मापांची वही केलीय, पुढचं मोजमाप पंधरा दिवसांनी टाकतो.